बरा झालेल्या माणसाचें घर

भोरच्या शेजारीं उत्रोली म्हणून एक गांव आहे. पंतसचिवांच्या राजधानीच्या इतक्या निकट असूनही इतिहासाच्या पुस्तकांत या गांवाचें नांव सहसा आढळत नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर तेथें आहे, आणि त्याच्या आग्रहावरून मागील पावसाळ्यांत आम्ही दोन दिवस त्याच्याकडे जाऊन राहिलों होतों. लावणीचे दिवस, भाताचीं खाचरें तुडुंब भरलेलीं, घरोघरचीं माणसें चिखलांत उतरलेलीं. अशा घाईंतही शेजारच्या घरांत कर्ता पुरुष नव्हता. तो आमच्या विद्यार्थ्याचा चुलता. वर्षभरापूर्वीं दारू सोडविण्यासाठीं त्यास एका संस्थेंत ठेविलें होतें. तेथें तो महिना-सवा महिना राहिला, सुधारला, अंगावर थोडें मांस चढलें, आणि पेढे वांटीत घरीं आला. दोन महिन्यांनीं तो पुन्हां पिऊं लागला. आम्ही गेलों तेव्हां त्यास दुसऱ्या वेळीं संस्थेंत पोंचविलेलें होतें, व पुढल्या आठवड्यांत तो सुटून यावयाचा होता.

त्याची पत्नी आमच्यासाठीं चहा घेऊन आली. "आतां ते बरे होऊन येतील," असें आम्ही तिच्या समाधानासाठीं म्हणालों. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, ते बरं व्हावंत असं मला बी वाटतंय. पर बरं होऊन त्यांनी या घरात आता येऊ नये. पोरगी बारावीला हाय."

या बोलण्यांत राग नव्हता, हिशेब होता. पंधरा वर्षें जिनें रात्रीं दाराकडे कान देऊन काढलीं, तिला आपल्या मुलीचें एक वर्ष तरी शांततेनें जावें असें वाटावें, यांत गैर तें काय? पण मग तो माणूस कोठें जाणार? भावांचे संसार दोन-दोन खोल्यांत दाटलेले. देवळाच्या ओट्यावर जुनें मित्रमंडळ बसलेलें. आणि पुण्याला जावें तर अनामत रक्कम कोण भरणार? त्या बाईनें हा प्रश्न आमच्यापुढें ठेविला, आणि तीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. परत आल्यावर आम्हीं व्यसनाविरुद्ध झालेल्या प्रयत्नांचा इतिहास या एकाच प्रश्नाच्या प्रकाशांत पुन्हां चाळून पाहिला. त्यावरून दिसलें तें असें कीं, आमच्या समाजानें प्रथम दुकान पाहिलें, मग रोगी पाहिला. घर मात्र अद्यापि नीटसें पाहिलेलेंच नाहीं.

दुकानाची हकीकत बऱ्याच वाचकांस ठाऊक असेल. तरी तिचे मुख्य टप्पे सांगणें अवश्य आहे. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा झाला, आणि दारूपासून मिळणारें उत्पन्न हा सरकारी महसुलाचा एक भरभक्कम आधार होऊन बसला. १८८० सालीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं शहरांतील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या प्रमुखांस पत्र लिहून आपली हरकत नोंदविली. १९०८ सालीं पुण्यांत लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें स्वयंसेवक दुकानांच्या दारांशीं उभे राहिले व गिऱ्हाइकांस हात जोडून परत फिरवूं लागले. १९३९ च्या ऑगस्टांत काँग्रेस मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. पण तेंच मंत्रिमंडळ थोड्या महिन्यांत पायउतार झाल्यामुळें ती टिकली नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अमलांत आली. भोर संस्थान मार्च १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालेलें असल्यामुळें उत्रोलीसही तोच कायदा लागू झाला. साठीच्या दशकांत महाराष्ट्र सरकारनें ही बंदी सैल केली. पुढें गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं लोकांच्या मागणीवरून दारूबंदी झाली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. गांवोगांवच्या स्त्रियांनीं मतदान घडवून आणून 'बाटली आडवी' केल्याचीं वृत्तें तर आपण नेहमींच वाचतों.

हा इतिहास क्षुद्र नव्हे. दुकान दाराशीं असलें कीं पिणें वाढतें, हें सांगावयास पंडित नको. परंतु या साऱ्या हकीकतींत पिणारा माणूस आपणांस नेहमीं पाठमोराच दिसतो: दुकानाकडे जातांना, अथवा दुकानापासून हांकलला जातांना. तो रात्रीं कोणाच्या घरीं जातो, दुसऱ्या दिवशीं दारू सोडावयाची म्हटली तर कोणाच्या छपराखालीं सोडणार, याची विचारपूस या इतिहासांत नाहीं. दुकान बंद झालें कीं माणूस आपोआप आपल्या घरीं परतेल, असें सर्वांनीं गृहीत धरिलें होतें. घर आहे, तें त्याचेंच आहे, आणि तें त्याची वाट पाहत आहे, हीं तीन गृहीतकें कोणींच तपासलीं नाहींत.

दुसरा टप्पा रोग्याचा. दारूचें व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, ही कल्पना युरोप-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत रुजली. बोस्टन शहरांत १८५७ सालीं दारू सोडूं पाहणाऱ्यांसाठीं एक 'होम' निघालें. न्यूयॉर्क संस्थानांत बिंगहॅम्टन येथें १८६४ सालीं मोठें रुग्णालय उघडलें. इंग्लंडांत १८७९ सालीं सराईत मद्यपींविषयीं स्वतंत्र कायदा झाला. पुढें १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं दोन मद्यपींनीं एकमेकांस आधार देऊन 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली, आणि १९५७ सालीं ती भारतांत आली. आमच्याकडे खरी निकड निर्माण झाली ती १९८० नंतर. दारूच्या जोडीस 'गर्द' हें नवें विष शहरांतील तरुणांत पसरूं लागलें. १९८० सालीं मद्रासेंत टी. टी. रंगनाथन् यांच्या स्मरणार्थ उपचारसंस्था निघाली. १९८१ सालीं मुंबईस वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें फादर जो परेरा यांनीं 'कृपा' संस्थेचें काम आरंभिलें. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनीं 'मुक्तांगण' उघडलें. अवचटांनीं गर्दच्या व्यसनाविषयीं लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं आर्थिक साहाय्य देऊं केलें, आणि त्यांतून ही संस्था उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे.

या संस्थांनीं फार मोठें काम केलें. व्यसनी माणसास माणूस म्हणून हांक मारावयास त्यांनींच आपणांस शिकविलें. मुक्तांगणांत पस्तीस दिवसांचा उपचार असतो. प्रथम शरीरांतील विष उतरतें. मग दिवसास आकार येतो. ठराविक वेळीं उठणें, व्यायाम, काम, गटांत बसून आपली हकीकत मोकळेपणीं सांगणें, पत्नीस व नातलगांस बोलावून त्यांचेंही ऐकून घेणें. पूर्वीं व्यसनांत बुडालेले लोकच पुढें तेथें कार्यकर्ते होतात, हा त्या पद्धतीचा प्राण आहे. तरीही अशी मदत किती थोड्यांच्या वांट्यास येते पाहा. केंद्र सरकारसाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, दारूच्या आहारीं गेलेल्या ३८ जणांत एकास कसला तरी उपचार मिळतो, आणि संस्थेंत राहून उपचार घेणारा १८० जणांत एक. उत्रोलीचा तो गृहस्थ त्या १८० जणांतला एक होता. म्हणजे भाग्यवान म्हणावयाचा. आणि भाग्यवानाची गतही आपण पाहिलीच.

असें कां व्हावें? छत्तिसाव्या दिवशीं माणूस संस्थेच्या दाराबाहेर पडतो, तेव्हां त्याच्या देहांत दारू नसते. पण त्याच्या वाटेवर ती सर्वत्र असते. तोच एस. टी. चा थांबा, तेच ओट्यावरचे सोबती, पगाराचा तोच दिवस, संध्याकाळची तीच रिकामी घटका. व्यसन हें माणसाच्या एकट्याच्या मनांत राहत नाहीं; तें जागांतही राहतें. याचें एक प्रसिद्ध उदाहरण व्हिएटनामच्या युद्धांतलें आहे. तेथें गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें एक पंचमांश हेरॉइनच्या आहारीं गेले होते. ते मायदेशीं परतल्यावर काय अनर्थ होईल या भीतीनें सरकारनें ली रॉबिन्स या विदुषीकडून शोध करविला. आढळलें तें सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध: त्या व्यसनी शिपायांपैकीं पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनांत गुरफटले ते शंभरांत पांचांच्या आसपास. त्यांची गोष्ट सर्वस्वीं आपल्यासारखी नाहीं. पण एक कारण उघड होतें. ज्या जागेंत व्यसन जडलें ती जागा हजारों मैल मागें राहिली होती. आमच्याकडे याच्या नेमकें उलट घडतें. ज्या जागेंत व्यसन जडलें, तेथेंच आम्ही माणसास बरा करून परत नेऊन सोडतों, आणि तो पुन्हां प्याला म्हणजे त्याच्या मनोबलास दोष देतों.

यावर उपाय म्हणून 'हाफवे होम', म्हणजे रुग्णालय व घर यांच्या मधल्या वाटेवरील मुक्काम, पुढें आला. परंतु असें घर संस्था चालविते, पगारी माणसें ठेवते, आणि देणगी आटली कीं तें बंद पडतें. १९७५ सालीं अमेरिकेंत मेरीलंड संस्थानांतील सिल्व्हर स्प्रिंग येथें असेंच एक घर बंद पडण्याच्या बेतांत होतें. तेव्हां पॉल मोलॉय व त्याच्या सोबत्यांनीं तें घर आपणच भाड्यानें घेऊन चालवावयाचें ठरविलें. त्यास त्यांनीं 'ऑक्सफर्ड हाउस' असें नांव दिलें. नियम तीनच. घराचा कारभार रहिवाशांनीं मतानें करावयाचा. भाडें व खर्च सर्वांनीं वांटून भरावयाचा. आणि जो पुन्हां पिईल त्यानें घर सोडावयाचें. मुदत नाहीं, पगारी व्यवस्थापक नाहीं. १९८८ सालीं तेथील सरकारनें कायदा करून अशा घरांस सुरुवातीच्या खर्चासाठीं ४,००० डॉलरपर्यंत कर्ज द्यावयाची सोय केली. कर्ज दोन वर्षांत फेडावयाचें, म्हणजे तोच पैसा पुढल्या घराच्या उपयोगीं पडतो. शेजाऱ्यांचा विरोध तेथेंही झाला. एडमंड्स नांवाच्या शहरानें अशा घरास हरकत घेतली, आणि तो वाद १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन घराच्या बाजूनें लागला. आज तेथें अशीं घरें हजारोंनीं आहेत.

याचें फळ काय, हेंही तपासून पाहिलेलें आहे. लेनर्ड जेसन या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या १५० जणांस चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन भागांत वांटलें. एक भाग ऑक्सफर्ड हाउसांत राहावयास गेला. दुसऱ्यास नेहमींची देखरेख मिळाली. दोन वर्षांनीं पाहतां पहिल्या भागांत व्यसनाकडे वळलेले शेंकडा ३१.३ होते, दुसऱ्यांत शेंकडा ६४.८. पहिल्या भागांतील लोकांची कमाईही दुपटीहून अधिक होती. हे आंकडे २००६ सालीं प्रसिद्ध झाले. औषध तेंच, रोगी तसेच. फरक काय तो घराचा.

येथें कोणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट अमेरिकेंत. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत ती कशी चालावी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परक्या भूमींतलें रोप नुसतें उपटून आणून येथें लावलें तर तें जगत नाहीं. पण आमच्या इतिहासांत याची मुळें नाहींत काय, हें पाहिल्यावांचून आक्षेप मान्य करणेंही योग्य नव्हे. आणि पाहूं गेल्यास एक नव्हे, दोन परंपरा सांपडतात.

पहिली परंपरा सुधारकांची. महाराष्ट्रांतील समाजसुधारणेच्या कित्येक मोठ्या कामांचा आरंभ व्याख्यानानें नव्हे, तर घरानें झाला आहे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं फसलेल्या विधवांसाठीं आपल्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन उघडलें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला व पुढें तो हिंगण्याच्या माळावर नेला. १९४९ सालीं बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. या शेवटच्या उदाहरणाचें मर्म आमच्या विषयाशीं फार जवळचें आहे. कुष्ठरोग औषधानें बरा होऊं लागला होता. पण बऱ्या झालेल्या माणसास गांव घेत नव्हतें. म्हणून आमट्यांनीं नुसता दवाखाना न काढतां राहावयास जागा व करावयास काम दिलें. उपचार जेथें संपतो तेथून खरा प्रश्न सुरू होतो, हें महाराष्ट्रास कोणीं परकीयानें येऊन शिकवावें लागलेलें नाहीं.

दुसरी परंपरा कष्टकऱ्यांची. तिचा उल्लेख ग्रंथांत थोडा, पण स्मरण घराघरांत आहे. मुंबईच्या गिरण्या ऐन भरांत होत्या तेव्हां सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे हजारों पुरुष एकटेच मुंबईस जात. गिरणगांवांतील चाळींत त्यांच्या 'गांवकीच्या खोल्या' असत. एका गांवच्या दहा-वीस पुरुषांनीं मिळून एक खोली धरावयाची; प्रत्येकाची एक ट्रंक व एक वळकटी; पाळीप्रमाणें कोणी रात्रीं निजावयाचें, कोणी दिवसा. भाडें वांटून. जेवण खानावळींत, खानावळ बहुधा एखाद्या गिरणीकामगाराच्या पत्नीची किंवा विधवेची. अशाच बायांची संघटना १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नांवानें बांधली. गोमंतकीयांच्या 'कूड' नांवाच्या जागा याच जातीच्या. धोबीतलाव-गिरगांव भागांत एकेका गांवाची एकेक कूड. आगबोटीवर जाणारे खलाशी व आचारी तेथें उतरत. नाममात्र वर्गणी, भिंतीशीं मांडलेल्या पेट्या, कोपऱ्यांत वेदी, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून करावयाची प्रार्थना, आणि भिंतीवर टांगलेले नियम. नियम मोडणाऱ्यास कूड बंद.

वाचकहो, सिल्व्हर स्प्रिंगच्या घराचे तीन नियम आणि या खोल्यांची रीत ताडून पाहा. आपला कारभार आपण, भाडें सर्वांनीं मिळून, नियम मोडील त्यास जागा नाहीं. जी गोष्ट अमेरिकेंत १९७५ सालीं नवी म्हणून गाजली, ती आमच्या आजोबांच्या पिढीनें लालबाग-परळांत कोणताही गाजावाजा न करतां चालविली होती. आम्हीं त्या खोल्यांकडे दारिद्र्याची खूण म्हणून पाहिलें. त्या एक संस्था होत्या, हें आमच्या ध्यानांतच आलें नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या आणि त्यांबरोबर या खोल्यांचेंही दिवस सरले.

या खोल्यांचें अवास्तव गुणगान आम्हांस करावयाचें नाहीं. त्या गांवच्या व बहुधा जातीच्याही कुंपणांत बांधलेल्या होत्या. तेथें स्त्रीस जागा नव्हती. आणि पगाराच्या दिवशीं तेथें दारूही येत असे. त्या दारूपासून दूर राहण्यासाठीं नव्हे, तर पोटासाठीं निर्माण झाल्या होत्या. पण आपल्यासारख्याच चौघांबरोबर भाडें वांटून नियमानें कसें राहावें, ही विद्या आमच्या लोकांच्या अंगीं आहे, एवढें त्यांवरून निश्चित सिद्ध होतें. तीच विद्या नव्या कामास लावावयाची आहे.

कायदाही या बाबतींत आतां मागें नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोविकाराच्या व्याख्येंत दारू व मादक द्रव्यांच्या सेवनांतून उद्भवणाऱ्या विकारांचा समावेश केला आहे. त्याच्या १८ व्या कलमानें मधल्या वाटेचीं घरें व आधारयुक्त निवास यांची तरतूद करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. १९ वें कलम सांगतें कीं, घर नाहीं अथवा कुटुंब घेत नाहीं एवढ्याच कारणास्तव कोणासही संस्थेंत डांबून ठेवूं नये. दुसऱ्या बाजूस २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पत्नीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क देतो, आणि प्रसंगीं नवऱ्यास त्या घरापासून दूर ठेवण्याचा अधिकार न्यायालयास देतो. एक कायदा म्हणतो, यास संस्थेंत ठेवूं नका. दुसरा म्हणतो, हिच्या घरांत हिच्या इच्छेविरुद्ध यास आणूं नका. दोन्ही न्याय्य आहेत. त्या दोहोंमध्यें जी जागा उरते तेथें एक घर लागतें. आणि तें घर कागदावर आहे, भूमीवर क्वचित् आहे.

म्हणून उत्रोलीच्या त्या बाईंचें बोलणें कठोर नव्हतें, तर तंतोतंत होतें. व्यसनमुक्तीच्या साऱ्या उपदेशांत 'कुटुंबानें आधार द्यावा' हें वाक्य येतें, आणि कुटुंब म्हणजे बहुधा पत्नी. जिनें मार सोसला, दागिने गहाण पडलेले पाहिले, तिच्याच माथीं पुन्हां पहारेकऱ्याचें काम येतें. तो प्याला नाहीं तर श्रेय संस्थेस; तो प्याला तर दोष तिला. तिच्या घरास रुग्णालयाचा पुढला वॉर्ड बनविण्याचा आपणांस काय अधिकार? नवरा वर्षभर दुसऱ्या छपराखालीं राहून, मिळवून, थोडे पैसे घरीं पाठवूं लागला, रविवारीं शुद्धींत येऊन मुलीशीं दोन शब्द बोलून परत जाऊं लागला, तर दार आपोआप उघडेल. तें न उघडलें तरी तो रस्त्यावर येणार नाहीं.

प्रत्यक्षांत काय करावें, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नाहींतर हा लेख म्हणजे नुसता उसासा ठरावयाचा. भोरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं दोन-तीन खोल्यांचें एक घर भाड्यानें घ्यावें; पांच-सहा जणांनीं राहावें. गांवापासून इतकें दूर कीं ओट्यावरची हांक ऐकूं येऊं नये, इतकें जवळ कीं लावणीस व सणास जातां यावें. अडचण भाड्याची नाहीं, अनामत रकमेची आहे. संस्थेंतून बाहेर पडलेल्या माणसाच्या खिशांत एकरकमी पैसा नसतो, आणि एकट्या पुरुषास, त्यांतून अशा पुरुषास, घरमालक दार उघडीत नाहीं. येथें एखाद्या पतसंस्थेनें वा दानशूर मंडळानें अनामत भरावी, ती हप्त्यांनीं फेडून घ्यावी, आणि करार आपल्या नांवें करून घरमालकास हमी द्यावी. जेवण एखाद्या बचतगटाच्या बायांकडून घ्यावें. आठवड्यास एकदां गटाची बैठक. पूर्वीं बरा झालेला कोणी वडीलधारा रोज संध्याकाळीं डोकावणारा. पिऊन आला त्यानें त्या रात्रींच घर सोडावयाचें. पण सोडून त्यानें कोठें जावयाचें हेंही आधीं ठरलेलें असावें: रस्त्यावर नव्हे, तर पुन्हां उपचारास. नियम कडक असावा, पण नियमाच्या पलीकडे खड्डा नसावा.

यांतही अपयश येईल. कोणी पळेल, कोणी पिईल, शेजारी तक्रार करतील, घरमालक चिडेल. ज्या अमेरिकन घरांचे आंकडे आम्हीं वर दिले, तेथेंही शेंकडा एकतीस जण घसरलेच होते. परंतु दर दोघांत एकाहून अधिक घसरणें आणि तिघांत एक घसरणें, यांतील अंतर म्हणजे जिवंत माणसें होत. आणि खर्चाचा हिशेब करावयाचा तर तोही करून पाहावा. त्याच माणसास दुसऱ्यानें, तिसऱ्यानें संस्थेंत पस्तीस दिवस ठेवण्यास जें लागतें, तें एका खोलीच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याशीं ताडून पाहिलें म्हणजे स्वस्त काय पडतें तें कळेल.

इतिहासाचा अभ्यासक भविष्य सांगत नसतो. मागें काय झालें आणि काय राहून गेलें, एवढेंच तो दाखवूं शकतो. गेल्या दीडशें वर्षांत आम्हीं दुकानाचें दार बंद करून पाहिलें, रुग्णालयाचें दार उघडून पाहिलें. दोन्ही कामें अपुरीं असलीं तरी व्यर्थ नव्हतीं. तिसरें दार अद्यापि कोणाच्याच नांवावर नाहीं. निघतांना आम्हीं त्या बाईंस विचारलें, "ते येथें येऊं नयेत, तर मग कोठें असावे असें तुम्हांस वाटतें?" तिनें क्षणभर खाचरांकडे पाहिलें आणि म्हणाली, "जवळच कुठं तरी. मला कळत राहील इतकं जवळ." या उत्तराहून अधिक नेमका आराखडा आम्हांस अद्यापि कोणत्याही अहवालांत सांपडलेला नाहीं.